व्हिडिओ शोधखेळ: मुलं रमतात, पण शिकतात कधी?

प्रश्न असा आला आहे: "मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. धडा संपताना व्हिडिओ लावला की पहिली दोन मिनिटं शांतता, मग कुजबुज सुरू. त्यापेक्षा कॅमेराच मुलांच्या हाती देऊन व्हिडिओ स्कॅव्हेंजर हंट घ्यावा असं मनात आहे. पण फोन सगळ्यांकडे नाहीत, तास चाळीस मिनिटांचा, आणि त्यातून नुसता धुडगूस होईल अशी धास्ती वाटते. कसं करावं?"

धास्ती रास्त आहे. माझा पहिला प्रयोग म्हणजे धुडगूसच होता. बारा संकेत, म्हणजे काय शोधून चित्रित करायचं ते सांगणारी वाक्यं, दहा गट, आणि वर "जो गट आधी येईल तो जिंकला" ही माझीच घोषणा. मुलं जिन्यावरून धावत सुटली. शेजारच्या वर्गात तोंडी परीक्षा चालली होती, तिथे एक गट कॅमेरा रोखून घुसला. तास संपेपर्यंत शंभरावर क्लिपा जमल्या आणि त्या कुणीच पाहिल्या नाहीत. मी घरी बसून पंधरा-वीस पाहिल्या आणि नाद सोडला. मुलांच्या मते तास भन्नाट झाला होता. पुढच्या आठवड्यात त्याच धड्यावर प्रश्न विचारले, तर नेहमीचीच मुलं हात वर करत होती आणि नेहमीचीच उत्तरं देत होती.

त्यानंतर बरीच वर्षं हा खेळ घेतला, दुसऱ्या शिक्षकांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून पाहिलाही. माझं मत आता पक्कं झालं आहे: खेळ जमणार की फसणार हे संकेताच्या वाक्यातच ठरतं. फोन कुठला, अ‍ॅप कुठलं, याने फार फरक पडत नाही. संकेत असा हवा की त्यात प्रामाणिकपणे चुकायला जागा असेल, आणि ती चूक नंतर पडद्यावर थांबवून अख्ख्या वर्गाला पाहता येईल.

आधी एक फरक सांगते, कारण इथे बऱ्याच जणांची गल्लत होते. खजिन्याच्या शोधात एक चिठ्ठी दुसऱ्या चिठ्ठीकडे नेते आणि शेवटी एकच खजिना मिळतो. स्कॅव्हेंजर हंटमध्ये अख्खी यादी सुरुवातीलाच हातात असते आणि क्रम कुठलाही चालतो. वर्गासाठी हा दुसरा प्रकार बरा. एका संकेतावर अडलेला गट तिथेच तोंड पाडून बसत नाही, दुसऱ्याकडे वळतो. मी याला सरळ शोधखेळ म्हणते.

आता संकेताबद्दल. तुम्ही विज्ञानाच्या आहात म्हणून तरफेचं उदाहरण घेते. "तरफ शोधा" असा संकेत दिला तर वीस सेकंदांत कात्री समोर येते आणि विषय संपतो. मुलांनी पाठ्यपुस्तकातलं चित्र वर्गात शोधलं, एवढंच झालं. तोच संकेत मी असा देते: "तिसऱ्या प्रकारची तरफ शोधा. ती वापरून दाखवा. टेकू, बल आणि भार बोटाने दाखवत मोठ्याने सांगा, आणि ती दुसऱ्या प्रकारची का नाही ते एका वाक्यात सांगा." या शेवटच्या वाक्यातच खरी मेख आहे. तिसऱ्या प्रकारात टेकू आणि भार यांच्या मधे बल असतं, दुसऱ्यात टेकू आणि बल यांच्या मधे भार. 'का नाही' म्हणायचं तर दोन्ही प्रकार डोक्यात शेजारीशेजारी मांडावे लागतात.

एकदा या संकेतावर दोन गटांनी एकच स्टेपलर आणला. एका गटाने ठासून सांगितलं, तिसरा प्रकार. दुसऱ्याने तेवढंच ठासून सांगितलं, दुसरा. वर्गात हशा पिकला. एक जण तर हमखास चुकला असणार असं सगळ्यांनी धरलं. मी दोन्ही क्लिपा एकामागून एक लावल्या आणि स्टेपलर दाबला जातो त्या क्षणी थांबवल्या. पहिल्या क्लिपमध्ये अंगठा स्टेपलरच्या मध्यावर होता: मागे बिजागरी म्हणजे टेकू, पुढे पिन म्हणजे भार, मधे बल. तिसरा प्रकार. दुसऱ्या क्लिपमध्ये तळहात अगदी नाकाडावर, पिनेच्याही जरा पुढे टेकला होता. म्हणजे भार मधे आला आणि प्रकार बदलला. पाचेक मिनिटं वाद झाला आणि शेवटी एका मुलीने विचारलं, "म्हणजे प्रकार वस्तूचा नसतो, वापरण्याचा असतो?" हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहून सांगत होते, पण कधी कुणाला त्याचं नवल वाटलं नव्हतं. त्याच तासाला तिसऱ्या एका गटाने वस्तू शोधायचे कष्टच घेतले नाहीत. त्यांनी दप्तर उचलणारा स्वतःचा हात दाखवला: कोपर टेकू, दप्तर भार आणि मधे दंडाचा स्नायू. त्यांचं मला फार कौतुक वाटलं.

दुसरा नमुना बाष्पीभवनाचा. "बाष्पीभवनाचा व्हिडिओ काढा" हा संकेत वाईट आहे, कारण अर्ध्या मिनिटात दिसण्यासारखं काही घडत नाही आणि मुलं पाण्याची बाटली दाखवून भाषण ठोकतात. त्याऐवजी: "ओल्या बोटाने फळ्यावर दोन सारख्या रेघा ओढा. एकीला वहीने वारा घाला, दुसरीला काही करू नका. दोन्ही नाहीशा होईपर्यंत कॅमेरा बंद करायचा नाही." आता व्हिडिओत घड्याळही आहे आणि पुरावाही. एका गटाची वाऱ्याची रेघ खूपच लवकर सुकली आणि ते खुशीत आले. क्लिप पुन्हा लावली तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "बोट एकदाच बुडवलंय!" खरंच, दुसरी रेघ उरल्यासुरल्या ओलाव्याने ओढली होती आणि नेमका तिलाच वारा घातला होता. प्रयोगात बाकी सगळं सारखं ठेवायचं असतं हे त्या दिवशी मला सांगावंच लागलं नाही.

कॅमेऱ्याने मोजमापही होतं, हे बरेच शिक्षक विसरतात. साधा फोन सहसा सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपतो. १ मीटर उंचीवरून खोडरबर सोडला तर तो जमिनीवर यायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे तेरा-चौदा चौकटी. संगणकावर व्हीएलसी प्लेअरमध्ये व्हिडिओ थांबवून इंग्रजी ई ही कळ दाबली की तो एकेक चौकट पुढे सरकतो. "खोडरबर आणि वही एकाच उंचीवरून सोडा, चौकटी मोजा" एवढा संकेत पुरे. फोनमध्ये स्लो मोशन १२० चौकटींचं असेल तर आकडा चौपट होतो आणि अंदाजही नेमका येतो. वही आडवी सोडली, उभी सोडली, की हवेचा विरोध आपोआप चर्चेत येतो.

हा खेळ विज्ञानापुरताच आहे असं नाही. माझी एक सहकारी मराठीच्या तासाला प्रयोग शिकवताना घेते. तिचा संकेत: "एकच कृती मुलाने करावी, मग मुलीने करावी, आणि करून झाल्यावर सांगावी." मुलगा म्हणतो, मी खिडकी उघडली. मुलगी म्हणते, मी खिडकी उघडली. मग दोघं दरवाजाकडे वळतात: मी दरवाजा उघडला. कर्ता बदलला तरी क्रियापद ढिम्म, कर्म बदललं की लगेच बदललं. कर्मणी प्रयोगाची व्याख्या मुलं यानंतर स्वतःच्या शब्दांत सांगतात, आणि ती पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा बरी असते. गणितात "काटकोन वाटतो पण नाही असा कोन शोधा आणि नाही हे सिद्ध करा" हा माझा आवडता. सिद्ध कशाने करायचं ते सांगायचं नाही. कुणी कोनमापक आणतं, कुणी पुस्तकाचा कोपरा लावून पाहतं.

फोनचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. गटाला एकच फोन लागतो, आणि तसं असलेलंच बरं. गट तिघांचा किंवा चौघांचा. माक्स रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांवर केलेली मोजणी १९१३ मध्ये प्रसिद्ध झाली: माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा जोर कमी होत गेला. वर्गात सहा जणांचा गट केला की हेच दिसतं. दोघं शोधतात, दोघं कॅमेऱ्यासाठी भांडतात, दोघं खिडकीतून बाहेर बघतात. चौघांना मी चार कामं वाटते: एकाने कॅमेरा धरायचा, एकाने बोलायचं, एकाने वस्तू हाताळायची, आणि चौथ्याने संकेताचा कागद हातात धरून सांगितलेली प्रत्येक गोष्ट क्लिपमध्ये आली की नाही ते बघायचं. दर संकेताला कामं पुढे सरकतात. हे सक्तीने करायला लावा. नाहीतर ज्याचा फोन तो कॅमेरा सोडत नाही आणि जी मुलगी धीट ती एकटी बोलते. घरचे फोन आणायला सांगणं मला पटत नाही. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही याची त्यातून उघड यादीच होते. शाळेचे टॅबलेट, शिक्षकांचे जुने फोन, असं मिळून आठ-दहा यंत्रं जमवावीत. सिमकार्ड नसलेला फोन उत्तम. तेही जमलं नाही तर निम्मा वर्ग शोधेल आणि निम्मा आपापल्या वहीत पुढचे संकेत लिहील, मग अदलाबदल.

क्लिपचे नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवते. वीस सेकंद, फार तर अर्धा मिनिट. रेघेसारखे लांबणारे प्रयोग तेवढे याला अपवाद. एकाच दमात, संपादन नाही. फोन आडवा. बोलणारा कॅमेऱ्यापासून हातभर अंतरावर, नाहीतर फक्त वाऱ्याचा आवाज येतो. सुरुवातीला गटाचा क्रमांक आणि तारीख लिहिलेला कागद कॅमेऱ्यासमोर, म्हणजे इंटरनेटवरची आयती क्लिप कुणी खपवू शकत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं: हात दिसले पाहिजेत, चेहरे नाहीत. हा नियम मी आधी खाजगीपणासाठी केला. मुलांचे चेहरे कुणाच्या फोनमध्ये राहू नयेत, बाहेर जाऊ नयेत, म्हणून. पण त्याचा दुसरा फायदा नंतर लक्षात आला. चेहरा नसला की लाजाळू मुलं बोलायला तयार होतात, केस सावरण्यात वेळ जात नाही, आणि पडद्यावरची चूक कुणा एकाची राहत नाही. चेहऱ्याविना चित्रण असलं तरी पालकांची लेखी संमती वर्षाच्या सुरुवातीलाच घ्यावी आणि चर्चा संपल्यावर क्लिपा सगळ्यांदेखत पुसून टाकाव्यात.

संकेत किती? हिशेब करून बघा. दहा गट, पाच संकेत, प्रत्येकी वीस सेकंद: १००० सेकंद, म्हणजे नुसतं पाहायलाच जवळपास सतरा मिनिटं, तेही मधे एकदाही न थांबता. त्यामुळे चाळीस मिनिटांच्या एका तासात सगळं उरकायचा हट्ट सोडा. पहिल्या तासाला शोध, दुसऱ्या तासाला पाहणं. पहिल्या वेळी तर तीनच संकेत द्या. प्रत्येक गटाला वेगळ्या संकेतापासून सुरुवात करायला लावा, म्हणजे एकाच कोपऱ्यात गर्दी होत नाही आणि शेजाऱ्याची नक्कलही कमी होते. धावणाऱ्या गटाचा एक संकेत बाद, हा नियम बोलून दाखवायचा आणि पहिल्याच गटावर अंमलात आणायचा. वेळेला बक्षीस ठेवलंच नाही तर धावायचं कारणही उरत नाही. शिवाय ज्या मुलांना चालायला त्रास होतो त्यांचा गट आपोआप मागे पडत नाही. जिने चढावे लागतील असा संकेत मी कधीच देत नाही.

क्लिपा गोळा करण्यात शिक्षकांचा जीव जातो. तासाच्या शेवटी दहा फोनांवरून एकदम अपलोड करायला लावलंत तर नेट कोलमडतं आणि घंटा वाजते. मी फोन विमान मोडवरच ठेवते आणि नंतर केबलने क्लिपा उतरवते. आधी कॅमेऱ्याची सेटिंग १०८० ऐवजी ७२० करून घ्या. चित्रबिंदू निम्म्याहून कमी होतात, फाइल बरीच हलकी होते आणि वर्गातल्या पडद्यावर फरक कळत नाही. फोनमध्ये जागा आहे का तेही आदल्या दिवशी बघा. "मेमरी फुल" हे शब्द मी ऐन खेळात फार वेळा वाचले आहेत.

काही शिक्षक भिंतींवर क्यूआर कोड चिकटवतात. स्कॅन केला की शिक्षकाचाच पंधरा सेकंदांचा व्हिडिओ संकेत म्हणून उघडतो. मुलांना मजा येते, मीही करून पाहिलं. पण नेट अडखळलं की निम्मा वेळ चक्र फिरताना बघण्यात जातो. कागदावर छापलेला संकेत कधी अडखळत नाही.

आता दुसरा तास. खेळाचा कणा हाच, आणि बहुतेक ठिकाणी नेमका हाच गाळला जातो. सगळ्या क्लिपा दाखवू नका. आदल्या दिवशी बसून आठ निवडा. प्रत्येक गटाची एक तरी असावी. गट दहा असतील तर दहा होतील, चालेल. एकाच संकेताची दोन परस्परविरोधी उत्तरं मिळाली तर ती शेजारीशेजारी लावा, स्टेपलरसारखी. क्लिप लावायची, निर्णायक क्षणी थांबवायची आणि आधी बाकीच्या वर्गाला विचारायचं: हे बरोबर आहे का, कशावरून? बनवणाऱ्या गटाला शेवटी बोलू द्यायचं. शिक्षकाने सर्वांत शेवटी बोलायचं, आणि शक्य झालं तर बोलायचंच नाही. हे मला अजूनही जड जातं. चुकीची क्लिप दिसली की जीभ वळवळते.

शेवटची सात मिनिटं राखून ठेवा. पडदा बंद, फोन बंद, आणि प्रत्येकाने एकट्याने वहीत लिहायचं: एका संकेताचं उत्तर, त्याचं कारण, आणि कुठल्या गटाची कुठली चूक झाली. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं होतं की मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पारडं फिरतं आणि न बघता आठवून लिहिलेल्यांच्या लक्षात जास्त राहिलेलं असतं. माझ्या त्या पहिल्या फसलेल्या खेळात नेमकं हेच नव्हतं. पाहणं नव्हतं आणि आठवणंही नव्हतं.

बक्षीस देऊ का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. माझं उत्तर नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल असं ज्यांना आधीच सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात त्या रंगीत पेनांकडे कमी वळली. शोधखेळात मूळची गंमत भरपूर आहे, तिच्यावर चॉकलेट कशाला चिकटवायचं? गुण द्यायचेच तर 'कारण' या शब्दानंतर जे वाक्य येतं त्याला द्या. चित्रण हललं, आवाज फुटला, याचे गुण कापू नका.

उलटा प्रकारही आहे: मुलांनी व्हिडिओ बनवायचा नाही, दिलेल्या व्हिडिओतून गोष्टी शोधायच्या. फोन मिळत नसतील तेव्हा हा कामी येतो आणि तुमच्या त्या कुजबुजीवरही उपाय ठरतो. व्हिडिओ छोटा घ्या. एडएक्स या ऑनलाइन शिक्षणाच्या व्यासपीठावरच्या अभ्यासक्रमांतली ६९ लाख पाहण्याची सत्रं तपासून २०१४ मध्ये संशोधकांनी सांगितलं की व्हिडिओ कितीही लांब असला तरी साधारण प्रेक्षक सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही. तेही स्वतःहून नाव नोंदवलेले लोक होते, तुमचे आठवीतले नाहीत. प्रश्न असे द्या की उत्तर निवेदनात नसेल, चित्रात असेल. एकदा आवाज बंद करून लावा आणि निवेदन मुलांनाच लिहायला सांगा.

कधी घेऊ नये तेही सांगते. धडा अगदी नवा असेल, शब्दच माहीत नसतील, तर मुलं शोधणार काय? धडा निम्मा झाल्यावर किंवा उजळणीला घ्या. दर आठवड्याला तर मुळीच नको. एका सत्रात दोनदा पुरे, नाहीतर मुलं संकेत न वाचताच कॅमेरा सुरू करायला शिकतात.

तुमच्या पहिल्या वेळेसाठी: तरफेचा धडा, तीन संकेत, वर्गाचं दार बंद, बाहेर जायचं नाही. वर्गातच कात्री, स्टेपलर, पंच मशीन, चिमटा, दाराची कडी आणि चाळीस मुलांचे ऐंशी हात आहेत. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा की आवाज होईल, आणि दुसऱ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसायला बोलवा. पहिल्या तासाला बोलावू नका.